खाजरं सुरण

आज सुरण नारळाच्या दुधात रटरटलं आणि त्या दाट वासासरशी नायगावच्या चाळीतली एक दुपार आठवली. आई जाऊन महिना झाला होता. मी मोठ्या ऐटीत तिच्या पद्धतीचं सुरण रांधलं आणि खाज मारणारं आमसूल घालायलाच विसरलो. पहिल्याच घासाला माझा घसा चरचरला.

“बाबा, खाजत नाय तुम्हाला?”

“बरां झालां हा रे. अजून वाढ.”

खाकरत खाकरत त्यांनी तीनदा घेतलं. म्हाताऱ्याच्या जिभेला चवच नाही, असं मी वर्षानुवर्षं हसून सांगत आलो. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून मी एकटाच जेवतो. पाच मिनिटांत उरकतं. ताट संपलं की मी उठून जाईन, या धास्तीनं बाबा त्या दुपारी पुन्हा पुन्हा मागत होते.