शेंदराखालचा घोडा

अमरावती-अकोल्यात बघण्यासारखं काय आहे, असं कोणी विचारलं की मी नरनाळा सांगतो, गाविलगड सांगतो, चिखलदरा सांगतो. ज्या संग्रहालयात मी आयुष्यभर नोकरी केली, ते सांगत नाही. सांगितलं की समोरचा जाऊन येतो आणि म्हणतो, ‘तो घोडेस्वार फार छान आहे हो.’ मग मला विषय बदलावा लागतो. बरीच वर्षं बदलला. आता वय झालं, म्हणून लिहून टाकतो.

संग्रहालय एका ट्रस्टचं आहे, नाव देत नाही. मी तिथे क्युरेटर होतो. वस्तू मिळवायची, तिची नोंद करायची, ती जपायची आणि लोकांना समजेल अशी मांडायची, हे क्युरेटरचं काम. त्या वर्षी आम्ही वऱ्हाडातल्या जुन्या दगडांची नवी गॅलरी करत होतो. मला वीरगळ हवा होता. वीरगळ म्हणजे गावासाठी लढताना मेलेल्या माणसाच्या नावानं उभारलेला कोरीव दगड. पुष्कळ गावांत त्याचाच पुढे देव होतो.

तिवसा तालुक्यातल्या एका गावात असा देव होता. कंबरेइतका उंच, शेंदूर फासून फासून गोल झालेला. खालच्या कोपऱ्यात शेंदूर पातळ होता आणि तिथे मला घोड्याचा खूर दिसला.

पूजेचा मान एका माळ्याच्या घरात होता. सासूकडून तो गिरजाबाईंकडे आला होता. गावाबाहेरच्या वाडीत त्या शेवंती आणि झेंडू लावायच्या. पहाटे पहिली ओंजळ देवाला आणि मग बाकीची फुलं बाजाराला. तीन महिन्यांच्या लोनवर, म्हणजे परत देण्याच्या बोलीवर, दगड द्यायला पंचायत तयार झाली. गिरजाबाई नव्हत्या.

“नेता तं न्या साहेब, पण शेंदराले हात नोका लावू.”

“नाही लावणार.”

“त्याची खोळ त्याच्या मर्जीनं निघते.”

हे खरं आहे. तेल-शेंदराचे थर साचत जातात, जड होतात आणि कधीतरी कवच सुटून पडतं. त्यालाच खोळ म्हणतात. मी कुतूहलानं विचारलं, “मग पडली की काय करता?”

“गावात पडली तं देव राजी. गावजेवण होते. गावाबाहेर पडली तं पूजा करणाराची सेवा खोटी. मग त्यानं वट्यावर पाय ठेवाचा नाही.”

वटा म्हणजे देवाचा ओटा. हे वाक्य मी नोंदवहीत उतरवून घेतलं. अशा नोंदी घ्यायची मला चांगली सवय होती.

दगड आला. नियमाप्रमाणे कंडिशन रिपोर्ट भरला. वस्तू आली तेव्हा कशी होती आणि जाताना कशी आहे, याचा तो कागद. मधल्या काळात काही बदल झाला तर त्याचं कारण लिहायला एक रकाना असतो. मी लिहिलं : संपूर्ण शेंदराचे आवरण, सुस्थितीत.

उद्घाटनाला दहा दिवस राहिले तेव्हा आमचे डायरेक्टरसाहेब गॅलरी बघायला आले.

“हे काय ठेवलंय?”

“वीरगळ आहे, सर. आत.”

“आत आहे ते लोकांनी कसं बघायचं? असे लाल गोळे प्रत्येक फाट्यावर दिसतात. त्यासाठी तिकीट कोण काढेल?”

“गावाला शब्द दिलाय.”

“कागदावर दिलाय का?”

कागदावर नव्हता. लोनच्या करारात शेंदराचा उल्लेख नव्हता, कारण तो मसुदा मीच केला होता आणि मला ते सुचलं नव्हतं. साहेबांवर ढकलणं सोपं आहे. पण मी अडून बसलो असतो तर त्यांनी सोडून दिलं असतं. मलाही घोडा बघायचा होता.

चार दिवस लागले. कापसानं द्रावण लावायचं, थर मऊ झाला की लाकडी पट्टीनं उचलायचा. खालून घोडा आला, वर तलवार उपसलेला स्वार, पायाशी गाईंची रांग. गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेलेला कोणी असावा. काम उत्तम झालं होतं. एक ओरखडा नव्हता.

उद्घाटनाला गावातून दोन टेम्पो भरून माणसं आली. आपला देव शहरात मांडलाय म्हणून बायका नवी लुगडी नेसून आल्या होत्या. गिरजाबाईंच्या हातात शेवंतीचा हार होता. त्या दगडासमोरून तीनदा गेल्या आणि मग माझ्याकडे आल्या.

“साहेब, आमचा देव कुठी ठेवला जी?”

मी बोट दाखवलं. त्या बघत राहिल्या. मागून सरपंच आले.

“ह्याची खोळ कुठी गेली? तुमी काढली काय?”

शेजारी साहेब उभे होते, दोन वार्ताहर होते. साहेब हळूच म्हणाले, “नैसर्गिकरीत्या.”

मी म्हणालो, “नाही. आपोआप गळून पडली.”

गिरजाबाईंचं ते खोळीचं वाक्य त्या क्षणी आठवलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. आठवलं होतं.

सरपंचांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी गिरजाबाईंकडे बघितलं. बाकीच्यांनीही बघितलं. मागून एक बाई म्हणाली, “मी म्हणतच होती, हिचं ध्यान देवात नाही, बाजारात हाय.” गिरजाबाई हार तसाच हातात घेऊन टेम्पोत जाऊन बसल्या.

संध्याकाळी मी रिपोर्टमधला रकाना भरला : आवरण नैसर्गिकरीत्या गळून पडले. खाली माझी सही.

दगड मुदतीत परत गेला. आम्ही प्लॅस्टरची प्रतिकृती करून ठेवली. लोक आज तिच्यासमोर फोटो काढतात. गावानं दगडाला नवा शेंदूर लावला, तो दुसऱ्या घराच्या हातानं. गिरजाबाईंना ओट्यावर पाय ठेवायला मनाई झाली. हे मला वर्षभरात कळलं. मी म्हटलं, जाऊ कधीतरी. ते कधीतरी रिटायर झाल्यावर आलं.

तिवशाला एसटीतून उतरून रिक्षा केली. गिरजाबाई वाडीतच होत्या, झेंडू खुडत होत्या. पाठीला बाक आला होता, पण मला लगेच ओळखलं. खाट टाकली, पाणी दिलं, सुनेला चहा ठेवायला सांगितला. त्या वाडीतून देवाचा ओटा दिसतो. पहिली ओंजळ त्या अजूनही बाजूला काढत होत्या. ती सून नेऊन देते, ओट्याखाली ठेवून येते, असं त्यांनीच सांगितलं.

मी म्हणालो, “गिरजाबाई, त्या खोळीबद्दल बोलायला आलो.”

“मले मालूम हाय साहेब,” त्या म्हणाल्या. “तुमच्या एवढ्या मोठ्या कार्यक्रमात माह्यामुळं खोडा झाला. माही सेवाच कुठीतरी कमी पडली. कुठी पडली, ते लय आठवून पाह्यलं, सापडत नाही. तुमी मनात नोका ठेवू.”

आणि त्यांनी हात जोडले.

माझ्या नोकरीत एक गोष्ट शिकलो. लेबल चुकलं तर दुसरं चिकटवता येतं, रजिस्टर चुकलं तर लाल शाईनं दुरुस्त करता येतं. तोंडून गेलेली खोटी नोंद दुरुस्त करायला ती ज्याच्यावर पडली त्या माणसासमोरच बसावं लागतं, आणि मी तिथेच बसलो होतो. सून चहा घेऊन आली. त्यात साखर बरोबर आहे का, असं गिरजाबाईंनी विचारलं. मी म्हणालो, बरोबर आहे.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. ‘खोळ मी काढली’, एवढंच म्हणायचं होतं.