उतानी टोपली

तवा आमी तिघी होतो — बायजाकाकी, माझी जाऊ हौशी, आन मी. चौथी कौसा. काकी गेली, हौशी गेली. कौसाचं मला ठाव नाय. म्हंजी सांगनारी आता मीच उरले. आन मी हे कंदी कुनाला सांगितलं नाय — नवऱ्याला नाय, लेकीला नाय.

कसं सांगू?

आमचं घर करावे गावात, खाडीच्या कडंला. नवीन शहराच्या बिल्डिंगा उठायला लागल्या तवाची गोष्ट. दुष्काळात गाव सोडून आलेली मराठवाड्याची मानसं तिथं कामाला होती. बांधाच्या पलीकडं त्यांच्या झोपड्या. आमी तिकडं मासळी इकायला जायचो. कौसा तिथली. कडंवर लहान पोर. पहिल्यांदा पाहिली तवा एक डोळा सुजून बंद.

हौशीनं इचारलं, "पडलीस काय गं?"

"रोजच पडते, माय." आन हसली.

तिचा नवरा दारू पीत नव्हता. शुद्धीत मारायचा.

तिचं इथं कोन होतं? माहेर लांब, झोपड्यांतली मानसं सगळी त्याच्याच गावची. आमचे बाप्ये म्हनले, परक्यांच्या भानगडीत पडू नका. काकीनं ऐकलं नाय. काकीचा भाऊ उरनचा — तो भरतीला होडी आननार, कौसाला आन पोरीला पलीकडं घेऊन जानार. पन निघायचं कवा, हे तिला कळायचं कसं? आमी कोळनी मासळी इकून आलो की टोपली धुतो, अंगनात उपडी घालतो, निथळायला. काकी म्हनली, तीच आपली खून, इशाऱ्याची. माझं घर शेवटचं, बांधावरनं दिसायचं. टोपली उपडी दिसली — ये. उतानी दिसली — तुझा नवरा इथं हाय, माघारी फीर. बघनाऱ्याला काय कळतंय?

तिच्या निघायच्या आदल्या दिशी तिचा नवरा आला. घरात मी एकटी, माझा नवरा समिंदरात. लई गोड बोलला. "ताई, पानी मिळंल का?" पानी प्याला. मंग अंगनात आमची जुनी होडी दुरुस्तीला काढलेली, तिच्यावर हात फिरवला. "लाकडाची हाय नव्हं? लाकूड लवकर पेटतं, ताई." तांब्या नीट पुसून ठेवला आन गेला.

त्याला कळलं होतं का? का असंच बोलला? मला अजून म्हाईत नाय. रातभर लाकडाचा वास येत होता मला — जळक्या लाकडाचा. कुठं काय जळत नव्हतं.

दुसऱ्या दिशी काकी आन हौशी बाजाराला गेल्या, रोजच्यासारख्या, कुनाला संशय नको म्हनून. टोपलीचं काम माझ्याकडं. टोपली धुतली. उपडी घातली. मंग —

काय सांगू तुमाला. अंगनात कोन नव्हतं. कुत्रंसुदीक नव्हतं. आन मी टोपली उतानी केली.

दाराच्या फटीतनं बघत होते. कौसा बांधावरनं आली, कडंवर पोर, डोक्यावर गाठोडं. टोपली दिसली तशी थांबली. खाडीत होडी हुबी, हाकेवर. तिलाबी दिसत असंल ना? तरी ती माघारी फिरली — आमी शिकवलं होतं तशी. मला हाक मारता आली असती.

गाठोडं सोडायच्या आत तिचा नवरा कामावरनं आला, त्यानं ते पाहिलं, असं मागनं कळलं.

काकीला मी सांगितलं, "आलीच नाय. तिचं मन झालं नसंल." काकी कमरेवर हात ठेवून हुबी राह्यली. "या बायांचं असंच. मार खातील, पन सोडनार नाय." पुढं झोपड्यांतली दुसरी एक रडत आली, तर काकीनं तिला पानी पाजलं आन परत धाडलं. मी तिथंच बसलेले. कोलबी सोलत.

मंग त्यांचं काम जासईकडं गेलं. ट्रकात चढायच्या आधी कौसा माझ्या अंगनात आली. एक हात गळ्यात बांधलेला. हळूच म्हनली, "लई उपकार झाले, ताई. टोपली उतानी केली नसती तर त्यानं तुमालाबी तोडलं असतं."

उरलेल्या हातानं ती माझ्या पाया पडली. मी पडू दिली.

एवढंच हाय. वाचनाऱ्याला एक सांगनं — तुमच्या गल्लीत, तुमच्या सोसायटीत परगावची अशी कोन दाराशी आली, तर तिला माघारी लावू नका. भ्या वाटंल. वाटू द्या. दार उघडा.