चर्चा संपल्यावर

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी महाडला एका खोलीत भाड्यानं राहत होते, वय सव्वीस. एका छोट्या संस्थेसाठी महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर जाऊन माहितीपट दाखवायचे आणि मग लोकांना बोलतं करायचं, हे माझं काम. जीपमध्ये टीव्ही, व्हीसीआर, जनरेटर आणि अबोल ड्रायव्हरकाका. दिवसभर मी लोकांना "बोला ना" म्हणत असे. संध्याकाळी खोलीचं कुलूप उघडलं की दुसऱ्या सकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघत नसे. शेजारच्या बायका बऱ्या होत्या, पण "एकटीच राहतेस?" याच्या पुढे आमचं बोलणं कधी गेलं नाही.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर एक वाडी होती. गुरं, नाचणीची शेतं, आणि बहुतेक कर्ते पुरुष मुंबईला. एका दुपारी तिथल्या शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून आम्ही खोलीत अंधार केला. त्या दिवशीचा माहितीपट परराज्यातल्या बायकांवर होता. त्यांनी भांडून जमिनीच्या कागदावर आपली नावं लावून घेतली होती. तो संपला, घोंगड्या निघाल्या आणि खोलीत पुन्हा उजेड आला.

मी विचारलं, "तुमच्याकडं बायकांचं नाव कुठल्या कागदावर असतं?"

मागं भिंतीला टेकून बसलेली तिशीतली एक बाई म्हणाली, "रेशनकार्डावर. तेवढंच."

बायका हसल्या. मला हुरूप आला. "अजून सांगा ना, ताई."

ती सांगत गेली. नवऱ्यानं मुंबईत दुसरी बाई केलेली. सहा वर्षांत तो फिरकला नव्हता. सासरची शेती आणि गुरं हीच बघत होती. "सगळ्यांना म्हाईत हाय, पन कोन बोलत नाय. उद्या त्यानं तिला हितं आनली तर मी जायाचं कुठं?"

पुढं बसलेली तिची सासू उठली. "चल गो घरी," एवढंच म्हणाली. सून पदर सावरून मागोमाग गेली. खोली रिकामी झाली. परतताना जीपमध्ये मी वहीत लिहिलं, 'चर्चा उत्तम झाली.'

महिन्यानं पुन्हा गेलो तर शाळेला कुलूप. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "पिच्चर नको आता, बाय. भांडणं लागतात." त्या बाईचं विचारलं, तर म्हणाला, "तिला म्हायेरी धाडली, शिवथरला."

दोन रविवार मी खोलीत नुसती बसून काढले. तिसऱ्या रविवारी एसटीनं शिवथरला गेले. ती भावाच्या अंगणात गवताचे भारे बांधत होती. मला बघून तिनं हात थांबवला नाही.

"तुमी इचारलंत म्हनून मी बोलली," ती म्हणाली. "तुमी जीपमदी बसून गेलात. मी तितंच व्हती."

मी माफी मागितली. वकिलाचं बोलले, महाडच्या कोर्टात मी सोबत येईन म्हणाले. तिनं भारा आवळला. "भाऊ काय बोलंल त्ये बघू." मग माझ्याकडं नीट बघून विचारलं, "घरी कोन हाय तुमच्या?"

"कोणी नाही. एकटीच असते."

"मंग तुमी बोलता कुनाशी?"

तिनं आत जाऊन कोरा चहा आणला. आम्ही ओट्यावर बसून तो प्यायलो. तिनं दुसरं काही विचारलं नाही.

कोर्टात जायचं राहिलंच. भावानं आणि सासरच्यांनी आपसात मिटवलं, तिला पुन्हा वाडीवर नेलं. कागदावर नाव लागलं नाही. मला हे ड्रायव्हरकाकांकडून कळलं.

पुढं मी आणखी वर्षभर ते काम केलं. जिथं कुणी मनातलं बोललं, तिथं जीप परत पाठवून मी मुक्काम करू लागले. संस्थेला ते आवडलं नाही. मलाही कळत नव्हतं की मी त्या माणसांसाठी थांबते की स्वतःसाठी.

महाड सोडण्याच्या आधी एकदा ती पोलादपूरच्या बाजारात दिसली. सासूबरोबर सुकी मासळी घेत होती. तिनं मला ओळखलं. मी एक पाऊल पुढं टाकलं, तेवढ्यात तिनं मान किंचित हलवली. नको. मी तिथंच उभी राहिले, आणि त्या दोघी गर्दीतून स्टँडकडं गेल्या.