सुलोचनामावशीचा सरळ व्हिडिओ

यातलं अर्धं निखिलला माहीत आहे. उरलेलं अर्धं कुणालाच नाही—बाबांना नाही, आईला नाही. नवऱ्याला तर आमच्या गावात सुलोचना नावाची कुणी बाई होती, हेसुद्धा मी कधी सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतेय, आणि सांगायला बसले की राग येतो. कुणाचा? आधी गावाचा येतो, मग निखिलचा, मग त्या अंगणवाडीतल्या बायांचा. माझी पाळी सगळ्यात शेवटी. बघा, खोड अजून गेलेली नाही.

यवतमाळला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक प्रकल्प होता. भयपटाची फक्त सुरुवात करायची, पहिली दोन-तीन मिनिटं. सर म्हणायचे, प्रेक्षकाची मान पहिल्याच दृश्यात पकडा. आमच्या गटात कॅमेरा आणि एडिटिंग निखिलकडे, आणि मी दिग्दर्शक. हा शब्द मी तेव्हा इतक्या वेळा तोंडात घोळवत असे, की आता आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

कल्पना माझी होती. भुताचे पाय उलटे असतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण उलटे पाय दाखवायचे कसे? तर बाईला कॅमेऱ्याकडे तोंड करून मागे मागे चालायला लावायचं, आणि तो व्हिडिओ नंतर उलटा फिरवायचा. मग ती पुढे येताना दिसते, पण काहीच जुळत नाही—पावलांचा तोल चुकतो, उडालेली धूळ परत पायाखाली शिरते, पदर वाऱ्याच्या विरुद्ध जातो. संध्याकाळच्या उजेडात घ्यायचं आणि नंतर काळोख करून निळा रंग चढवायचा. सोपं आहे. मोबाइलवर कुणालाही जमेल.

वर्गातल्या मुलींकडून करून पाहिलं. त्या गॅदरिंगमध्ये नटल्यासारख्या दिसायच्या. मला खरी बाई हवी होती. म्हणून मी आमच्या गावी आले, कळंबपासून थोडं आत, आणि सुलोचनामावशींना विचारलं.

मावशी अंगणवाडीत मदतनीस होत्या. लेकरांना घरून घेऊन यायचं, खिचडी शिजवायची, भरवायची, शेंबूड पुसायचा. मलाही त्यांनीच भरवलेलं. मी रडायला लागले की कडेवर घेऊन तुरीच्या वावरापर्यंत फिरवून आणायच्या, असं आई सांगते. त्या बौद्ध वस्तीतल्या, आम्ही पाटलांच्या आळीतले. तरी मी त्यांना हक्कानं सांगितलं, आणि त्या लगेच हो म्हणाल्या. माझ्यावर विश्वास होता म्हणून हो म्हणाल्या. दुसरं काय कारण असणार?

अंगणवाडी सुटल्यावर गणवेशाच्या साडीतच आल्या. उलटं चालायचंय म्हटल्यावर तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

"काहून वं, सरळ चालली तर भूत नाई दिसत का मी? आमच्या सासऱ्यानं धम्म घेतला न, तवाच देवाइसंग भुतंबी घराबाहेर काढली. अन् आता तू मलेच भूत करून राह्यली!"

हे फक्त कॉलेजात दाखवणार, असं मी त्यांना सांगितलं. शब्द दिला. वावराची वाट होती, बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेल्या. मावशी पडायला भीत होत्या. निखिल आला नव्हता; माझ्याच मोबाइलवर दोनदा घ्यावं लागलं, दुसऱ्यांदा जमलं. एडिटिंग झाल्यावर मूळ व्हिडिओ माझ्या एकटीकडेच राहिला.

कॉलेजात ते दृश्य लागलं आणि मागच्या बाकावरची मुलं खरोखर ओरडली. सरांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यावर माझं पोट भरायला काय हरकत होती? पण नाही. ती भीती वर्गातली होती, मला बाहेरची हवी होती. मी एका खोट्या नावाचं पेज काढलं, तेवढाच तुकडा टाकला आणि वर लिहिलं, 'कळंबच्या पुढे, तुरीच्या वाटेवर. एका मोबाइलमध्ये सापडलं.' निखिल म्हणाला, निदान सिनेमाचा आहे म्हणून लिही. मी म्हटलं, मग घाबरणार कोण?

घाबरले. सगळे घाबरले. आठवड्याच्या आत तो तुकडा आमच्या गावातल्या पिठाच्या गिरणीपासून सलूनपर्यंत फिरला. चेहरा मी काळोखात बुडवला होता, पण साडी? ती साडी रोज सकाळी लोकांच्या दारात लेकरं घ्यायला यायची. लोकांनी ओळखली. मी सुटीत घरी आले तेव्हा आई दबक्या आवाजात सांगत होती की सुलोचना काहीतरी करते म्हणे, वावरात, एकटीच.

त्या क्षणी मला काय वाटलं, तेही सांगते. आनंद झाला. माझं दृश्य खरं वाटलं, याचा आनंद.

मग बायांनी लेकरं पाठवणं बंद केलं. ज्यांनी पाठवली त्यांनी डबा घरी नेऊन खिचडी कुत्र्याला टाकली. एवढी वर्षं त्याच हातची खाऊन ज्यांची पोरं मोठी झाली, त्याच बाया! आणि पोरं? मावशी रस्त्यानं दिसल्या की आईच्या लुगड्यात तोंड खुपसून रडायची. मावशी जीव तोडून खरं सांगत होत्या—पाटलाच्या पोरीनं मला उलटं चालवलं, सिनेमासाठी. लोकांनी त्यातलं काय घेतलं? उलटी चालली म्हणून ती स्वतःच सांगते. झालं. कबूल केलं म्हणे तिनं.

वस्तीतली मुलं म्हणाली, पोलिसात तक्रार करू, असल्या प्रकारांविरुद्ध कायदा आहे. पण पुरावा कुठला देणार? पेज मी तोवर बंद करून टाकलं होतं.

आणि मग मावशी आमच्या घरी आल्या. भर दुपारी. बाबा अंगणात खाटेवर बसले होते. ते तेव्हा ग्रामपंचायतीत सदस्य होते. मी दारात उभी. मावशी तुळशीपाशीच थांबल्या, पुढे आल्या नाहीत, आणि आम्हीही या म्हटलं नाही. त्या भांडायला आल्या नव्हत्या. अंगणवाडीत सगळ्या बायांना बोलावलंय म्हणाल्या, सुपरवायझर मॅडमही येणार होत्या.

"भाऊ, पोरीच्या मोबाइलात तो सरळवाला व्हिडिओ असन. तेवढा दाखवला त्याइले तं मिटते न सारं. मी हासून राह्यली त्याच्यात."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "हाय का वं?"

मोबाइल माझ्या हातात होता. हातात. व्हिडिओ त्यात होता. दाखवायला दोन वेळा बोट लावायचं होतं, बस. मी म्हटलं, "मी अंगणवाडीचं शूटिंग केलं होतं बाबा, प्रोजेक्टसाठी. ते डिलीट केलं. मोबाइलात जागा नव्हती. हे लोकांकडे फिरतंय ते माझं नाही."

कुठल्या अंगणवाडीचं शूटिंग? केव्हा? मी बोलत होते आणि मला माझंच पटत चाललं होतं. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मी पायाकडे. मला वाटलं आता ओरडतील, शिव्या घालतील, बाबांसमोर माझी लाज काढतील. त्या फक्त म्हणाल्या, "नसन तं नसन, माय," आणि निघून गेल्या.

का केलं? सगळी उत्तरं माझ्याजवळ तयार आहेत आणि एकेकाची मला चीड येते. बाबांना घाबरले. गावभर नाव झालं असतं. कॉलेजनं दृश्य पुढच्या स्पर्धेला पाठवलं होतं, ते परत घेतलं असतं. लहान होते. काय लहान होते? वीस वर्षांची घोडी! दुसऱ्याच्या घराला आग लावण्याएवढी अक्कल होती, विझवण्याएवढी नव्हती?

आणि एक उत्तर आहे ते मी स्वतःशीसुद्धा बरीच वर्षं उच्चारलं नाही. आमच्या आळीतल्या एखाद्या काकूवर हे आलं असतं, तर मी पहिल्याच दिवशी मोबाइल घेऊन धावत गेले असते. मावशींचं काय होईल, ते होऊ दे, असं मला वाटू शकलं. वाटलं. पुस्तकात वाचून नाकं मुरडतो ना आपण त्या माणसांवर? ती माणसं कशी असतात ते मला माहीत आहे.

अंगणवाडीतल्या त्या बैठकीत मावशींना दाखवायला काहीच नव्हतं. मॅडमनी त्यांना वाद निवळेपर्यंत घरी बसायला सांगितलं. तो निवळला नाही. त्यांच्या जागी दुसरी बाई आली, आणि लेकरं पुन्हा जाऊ लागली. मावशी ढाणकीकडे बहिणीच्या गावी निघून गेल्या. गावात अजून कुणाचं पोर जेवत नसलं तर म्हणतात, जेव, नाहीतर सुलोचना येईल. जिनं या गावाला दोन पिढ्या भरवलं, तिचं नाव घेऊन भरवतात. परवा माझ्या सख्ख्या वहिनीनं म्हटलं, माझ्यासमोर, माझ्या भाचीला. मी ताटावरून उठले. हात धुवून आत गेले.

आम्हाला त्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. निखिलनं माझ्याशी बोलणं सोडलं; त्यानं मागूनही मी सरळ व्हिडिओ दिला नव्हता, एवढं त्याला माहीत आहे. मावशी अंगणात येऊन गेल्या, हे नाही. मी आता यवतमाळला लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. नवरानवरीवर टाकलेल्या पाकळ्या जमिनीवरून उठून वर जाताना लोकांना फार आवडतात. त्यासाठी तेच बटण दाबावं लागतं. मी दाबते.

व्हिडिओ मी डिलीट केला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. दर नव्या मोबाइलमध्ये तो माझ्याबरोबर येतो. पूर्ण उजेड आहे त्यात. मावशी गणवेशाच्या साडीत मागे मागे चालतायत, चाकोरीत पाय अडखळतो, मान वळवून वाट बघायला जातात, आणि कॅमेऱ्यामागून माझा आवाज येतो, "मागं पाहू नका मावशी, मी आहे ना." मग त्या मान सरळ करतात, माझ्याकडे बघून हसतात आणि पुढचं पाऊल मागे टाकतात.