वरून राहिलं

हे मी आमच्या ह्यांनाही सांगितलेलं नाही. आणि ह्यांना मी काय सांगत नाही? भाजीवालीनं कोथिंबिरीची एक काडी जास्त घातली तरी घरी आल्या आल्या सांगते. पण हे नाही. नऊ वर्षं झाली — नाही सांगितलं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि अनोळखी माणसापुढं जीभ जरा सैल सुटते.

आधी एक सांगून टाकते. मी दुःखी बाई नाही. निवृत्त झाले, सांगलीत घर झालं, गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत आहे. हे सकाळी फिरून येताना फुलं आणतात, मी चहा ठेवते. झोप गाढ लागते. मनात काटा घेऊन जगले वगैरे म्हणाले तर तो आणखी एक खोटेपणा होईल. मग सांगायचं कशाला? — बघू. सांगता सांगता कळलं तर कळेल.

वडूजच्या अलीकडं एका गावात मी पाचवीला शिकवायचे. एकदा साताऱ्याला प्रशिक्षण झालं. बदल झाला, काळजी वाटली, तरी मुलांनी हातपाय गाळू नयेत म्हणून त्यांना ‘लवचिक विचार’ शिकवायचा, असं ठरलं होतं. मी वर्गात येऊन शब्द फळ्यावर लिहिला. पोरांनी काय करावं? निम्मी कमरेतून मागं वाकून दाखवायला लागली. एक तर धप्पकन पडला. मी शब्द पुसला आणि लिहिलं — ‘बरं, मग?’

आपल्याकडं बोलतातच की तसं. एसटी चुकली — बरं, मग? खिचडीत मीठ नाही — बरं, मग? रडायचं असेल तर रडा, पण रडून झालं की तीन वाटा सांगायच्या. एक नाही, तीन. रोज परिपाठानंतर दहा मिनिटं. पोरं अशी रंगायची की घरी जाऊन आयांना पिडायची. एक आई तक्रार घेऊन आली — भाकरी करपली म्हटलं तर पोरगं म्हणतंय, बरं मग, तीन वाटा सांग. लय हसलो आम्ही दोघी.

त्या वर्गात आफरीन होती. तिचे वडील, सलीमभाई, गावोगाव फिरून गाद्या भरायचे. पोरगी हुशार, पण काळजीचं गाठोडं नुसतं. बाक बदलला की पोटात दुखायचं. तासांची अदलाबदल झाली की डोळ्यांत पाणी. खरं म्हणजे तो सगळा खेळ मी तिच्यासाठीच मांडला होता. सुरुवातीला तिला एकही वाट सुचायची नाही. दिवाळीपर्यंत तीन सांगून चौथीसाठी हात वर करायला लागली. मला काय आनंद व्हायचा, सांगू? माझ्या नोकरीतली ती सगळ्यात चांगली गोष्ट. अजूनही आहे.

त्या वर्षी वर्गातली आठ पोरं स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसायची होती. आफरीननं त्या परीक्षेवर जीव टाकला होता. एका रविवारी वडिलांच्या गाडीवर बसून वडूजला परीक्षेची शाळासुद्धा बघून आली — फाटक कुठं, नळ कुठं, म्हणजे ऐनवेळी पोटात दुखायला नको. पेन बंद पडलं तर? खिडकीतून ऊन आलं तर? शेजारचा बोलायला लागला तर? सगळ्याच्या तीन-तीन वाटा आम्ही दोघींनी काढून ठेवल्या होत्या.

हॉलतिकिटं आली. सात.

सरकारी शाळेत एक फार सोयीचा शब्द आहे — वरून. गणवेश का नाहीत? वरून आले नाहीत. पुस्तकं? वरून येतील. या शब्दापुढं कुणी काही विचारत नाही. मी सात तिकिटं वाटली आणि म्हणाले, ‘आफरीन, तुझं वरूनच राहिलं गं.’

वरून राहिलं नव्हतं. तुम्ही ओळखलंच असेल — मीच उगाच गोल गोल फिरतेय. फॉर्म ऑनलाइन भरायचे होते आणि ते मी भरत होते. तिच्या फोटोत डोळे मिटलेले होते, म्हणून मी दुसरा मागितला. दुसऱ्या दिवशी तिनं आणला, वहीच्या कागदात गुंडाळून. मी पर्समध्ये टाकला. शनिवारी आम्ही बहिणी-बहिणी महाबळेश्वरला गेलो, स्ट्रॉबेरी खाल्ली, पोट धरधरून हसलो. सोमवारी शेवटची तारीख होती. सगळे फॉर्म गेले असं मी धरून चालले. विसरले. आजारपण नाही, अडचण नाही, नेट बंद नाही — मजेत होते आणि विसरले.

पण एवढ्यावर थांबले असते तर हे सांगायला बसले नसते. विसरतं माणूस. पुढचं ऐका.

तिकिटं वाटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सलीमभाई शाळेत आले, कपड्यांवर कापूस तसाच. ‘आवं बाई, अजून धा दिस हायती. साताऱ्याला जाऊन सायबास्नी इचारू का?’ मला माहीत होतं, चूक शाळेची आहे असं शाळेनं लिहून दिलं तर मूल बसू शकतं. शेजारच्या गावातल्या एका गुरुजींनी तसं दिलं होतं आणि त्यांचं पोर बसलं होतं. एक कागद. खाली माझी सही. पण त्याच आठवड्यात साताऱ्याहून अधिकारी माझा ‘बरं, मग?’चा तास बघायला यायचे होते. हेडमास्तरांनी भिंत रंगवून घेतली होती. त्यांच्यापुढं विसराळू बाई म्हणून उभी राहू? — मी सलीमभाईंना म्हणाले, जाऊन उपयोग नाही, उगाच तुमचा दिवस मोडेल. त्यांनी ऐकलं. बाई बोलल्या म्हणजे झालं, असा माणूस तो.

आणि मग — हे सांगायलाच इतका वेळ लागला — मी आफरीनला वर्गापुढं उभी केली आणि विचारलं, ‘बरं, मग?’

ती रडली नाही. मग म्हणाली, त्याच दिवशी घड्याळ लावून घरी पेपर सोडवीन. आठवीत परत परीक्षा असते, तेव्हा बसेन. आणि तिसरी? ‘बाकीच्यांना सोडायला जाते बाई. त्यास्नी ती शाळा म्हाईत न्हाई, मला हाय.’

गेलीसुद्धा. सातही जणांना नळ दाखवून, वर्गापर्यंत पोचवून परत आली.

तो फोटो? फाडायला हात होईना, पर्समध्ये ठेवायची लाज. शेवटी तिच्या प्रगतिपुस्तकावर चिकटवला. डोळे उघडे, केस चापून बसवलेले. किती सोय केली बघा मी!

अधिकारी आले तेव्हा तिच्या तीन वाटा मी त्यांना सांगितल्या. ते खूश झाले. पुढं फलटण, कराड, विटा — शिक्षकांपुढं बोलायला मला बोलावणी यायला लागली. प्रत्येक ठिकाणी आफरीनची गोष्ट. ‘तांत्रिक कारणानं’ एका मुलीची परीक्षा हुकली, असं मी म्हणायचे. बायका डोळे पुसायच्या, मीही पुसायचे. आणि ते रडू खोटं नव्हतं — त्याचं काय करायचं, सांगा?

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. इथंच सांगलीत डी.एड. करते. आठवीत बसली होती, थोडक्यात हुकली. पाचवीत बसली असती तर? मला माहीत नाही. तिलाही कधी कळणार नाही.

बाई, माझा पाठ बघायला याल का, म्हणाली. मी चांगली साडी नेसून गेले. फळ्यावर तिनं माझेच दोन शब्द लिहिले होते. आणि पोरांना स्वतःची गोष्ट सांगत होती — न घाबरता, हसत हसत. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक चिमुरडी उठली, ‘मॅडम, पण चूक कुणाची होती?’ आफरीननं माझ्याकडं हात केला. ‘त्या माझ्या बाई. त्यांनाच विचार.’

सगळी तोंडं मागं वळली. कुणी घाई केली नाही. मला हवा तेवढा वेळ होता.

मी म्हणाले, ‘वरून राहिलं होतं, बाळा.’

पाठ फार छान झाला. नंतर तिनं मला उसाचा रस पाजला, रिक्षात बसवून दिलं. घरी ह्यांनी विचारलं, आज एवढी खूश कशी? म्हटलं, माझी पोरगी शिक्षिका होतेय. खरंच खूश होते. आत्ताही आहे. फॉर्म मी विसरले, दहा दिवस हातात असताना गप्प बसले, आणि भर वर्गात तिच्या तोंडावर पुन्हा खोटं बोलले. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. तिला अजून काही माहीत नाही. तिच्या आधी तुम्हाला कळलं.