प्रयागबाईचे बिनविस्तवाचे लाडू

प्रयागबाईला कोणी शहाणपण शिकवायला गेलं की ती आधी हातातलं काम बाजूला ठेवायची आणि मग त्या माणसाची हजेरी घ्यायची. इंदोऱ्याच्या वस्तीत तिच्या तोंडाला सगळेच वचकून होते. नवरा लहानू गिरणीत कामाला होता. तो छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हा पोरगा रुपराव अजून चड्डीत होता. बाईनं विड्या वळून त्याला वाढवलं. दुसरा संसार मांड म्हणून सांगायला आलेल्या दिराला तिनं दारातूनच परत पाठवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. अशा बाईला आपलं काही चुकेल असं वाटतच नाही. या बळावरच ती जगली आणि याच बळानं तिचा घात केला.

बहात्तरचा दुष्काळ नागपुरातही पोचला होता. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि गिळताना घशाला ओरखडायची. रुपराव तेव्हा ऐन उमेदीत. कामठीच्या छावणीत फौजेची भरती निघाली तेव्हा तो जाऊन उभा राहिला आणि वजनात कमी भरला म्हणून परत आला. प्रयागबाईनं मनाशी ठरवलं की पुढच्या भरतीपर्यंत पोराला अंगानं भरायचंच, मग घरात काही असो वा नसो.

तिचं माहेर कुहीकडचं. भाऊ गोविंदा तिथं धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, मजुरी करायचा. धान उभं असतानाच लोक त्या ओलीत लाखोळीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, बी फेकतात. दिसायला ती तुरीच्या डाळीसारखीच, पण भलती चिवट, पाऊस पडो न पडो, येतेच. त्या वर्षी बाकी सगळं करपलं आणि मजुरांच्या पदरात मजुरी म्हणून लाखोळीच पडली. गोविंदानं बहिणीची ओढाताण पाहिली होती. त्यानं एक पोतं तिच्या दारात आणून टाकलं.

माहेरी त्यांची आई बायजाबाई ही डाळ रातभर भिजवायची, उकळायची, ते पाणी ओतून द्यायची आणि पुन्हा नव्या पाण्यात शिजवायची. का, ते तिलाही सांगता येत नसे. तिच्या आईनं केलं म्हणून ती करायची. लेकीला हे कधीच पटलं नाही. डाळीचा सगळा कस पाण्यात उतरतो आणि म्हातारी तो उकिरड्यावर ओतते, असं तिचं लहानपणापासूनचं मत. दुष्काळात तर तिला ते पापच वाटायला लागलं. शिवाय जळण आणायचं कुठून? रॉकेलच्या रांगेत उभं राहिलं तर विड्या कोण वळणार?

तेव्हा बाईनं स्वतःची अक्कल चालवली. लाखोळी टिनाच्या छपरावर पसरून कडक वाळवली. नागपूरचं ऊन काय विस्तवापेक्षा कमी आहे, असं म्हणत जात्यावर तिचं पीठ काढलं. त्यात जवस आणि तीळ कुटून घातले, गूळ घातला, कच्चट वास मारायला सुंठ घातली आणि उखळात मुसळाखाली सगळं एकजीव केलं. हाताला तेल सुटायला लागलं की लाडू वळायचे. चूल नाही, तवा नाही, धूर नाही. विस्तवानं ताकद जळते, माझ्या लाडवात ती जशीच्या तशी राहते, असं ती भेटेल त्या बाईला ठासून सांगायची. शेजारच्या सिंधूताईला तिनं समोर बसवून लाडू शिकवले. सिंधूताईच्या लहान पोरीला ते आवडले, आणि एकीचं पाहून दुसरी करत वस्तीतल्या बऱ्याच घरांतून मुसळाचे आवाज यायला लागले. बाई खूष होती.

रुपराव सकाळी भरतीसाठी धावून आला की लाडू, दुपारी लाडू, रात्रीही लाडूच. मिलोची भाकरी आई स्वतः खायची, पोराच्या ताटात ती पडू द्यायची नाही. त्याच्या गालांवर मांस आलं, दंड भरले. त्याची दृष्ट काढताना तिला आपल्याच हातांचं कौतुक वाटायचं.

पावसाळ्यात त्याच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. मग सकाळी पाय आखडायचे. मग चालताना टाचा जमिनीला टेकेनात, गुडघे एकमेकांवर आपटायला लागले. धावण्याचा शीण आहे असं ती म्हणाली, तेल चोळलं आणि लाडू वाढवले.

दसऱ्यानंतर पुन्हा भरती निघाली. या खेपेला वजन भरलं. धावायला सोडलं तेव्हा तो पहिल्याच वळणावर पडला, उठला आणि परत पडला. पिऊन आला असेल म्हणून बघणारे हसले. ओळखीच्या एका पोरानं त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घरी आणलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं त्याचे पाय ठोकून पाहिले आणि घरात काय खाता ते विचारलं. प्रयागबाईनं ताठ मानेनं सगळं सांगितलं. कसा थेंबभरही कस वाया जाऊ दिला नाही, तेही सांगितलं. डॉक्टर मध्येच तिच्याकडे बघायचा थांबला. लाखोळीत पायांच्या नसा मारणारं विष असतं, उकळलेल्या पाण्याबरोबर ते बरंचसं निघून जातं, तुम्ही ते सगळं आत ठेवलंत, असं त्यानं सावकाश सांगितलं. औषध नव्हतं. खाणं थांबवलं तर दुखणं वाढणार नव्हतं, पण गेलेलं परत येणार नव्हतं. रुपराव बाजूच्या बाकावर बसून ऐकत होता.

आईचे पाय धडधाकट होते, कारण वाईट अन्न ती खात होती आणि चांगलं म्हणून जे होतं ते पोराला घालत होती. हा हिशेब तिला दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच लागला आणि ती तिथंच खाली बसली.

दुसऱ्या दिवशी ती घरोघरी गेली. लाडू फेका, म्हणून सांगत सुटली. पण तिनं आधी इतकं ठासून सांगितलं होतं की आता तिचं तिलाच खोडता येईना. सिंधूताई तर तापलीच.

"तुह्या पोराले नजर लागली असंन कोणाची. आमच्या लेकरायच्या तोंडचा घास काहून काढून राहिली वं?"

सिंधूताईची पोर दाराला धरून उभी होती. तिची एक टाच अधांतरी होती. प्रयागबाईनं ते पाहिलं. ती तडक घरी आली.

रुपराव त्या दिवसांत उंबरठा ओलांडत नव्हता. ज्या रस्त्यानं धावायचा त्या रस्त्यावर लोकांनी असं पाहावं, हे त्याला मरणाहून वाईट वाटायचं. ती त्याच्यासमोर बसली. सिंधूच्या पोरीचं सांगितलं. बाहेर चल, त्यांना पाय दाखव, म्हणाली.

"काय सांगू त्यायले, कशानं झालं म्हणून?" त्यानं विचारलं.

"माहं नाव सांग," ती म्हणाली.

दोन बांबूंवर भार टाकून, चवड्यांवर, पायात पाय अडकवत तो वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अंगणापर्यंत गेला. नळावरच्या बाया भांडी सोडून गोळा झाल्या. आई मागं राहिली होती.

"माह्या मायनं चारले म्हणून झालं हे," तो म्हणाला. "मी नाई म्हटलं होतं. तरी चारले. तुमी चारू नका."

हे प्रयागबाईनं डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं. पोटऱ्यांत गोळे यायला लागले तेव्हाच त्यानं लाडू सरकवून भाकर मागितली होती. अंगाला काहीतरी वेगळं लागतंय, असं म्हणाला होता. भरतीला जायचं की भीक मागायला, असं विचारून तिनं ताट परत त्याच्यापुढं ढकललं होतं. त्यानं मान खाली घालून खाल्लं होतं.

सिंधूताईनं त्याच संध्याकाळी डबा नालीत रिकामा केला. तिची पोर पुढं लंगडली खरी, पण चालती राहिली. वस्तीतल्या इतर घरांतली मुसळंही थांबली. रुपराव शिवणकाम शिकला. हातानं फिरवायची मशीन घेऊन दारात बसायचा आणि गिऱ्हाइकांशी हसून बोलायचा. आईशीही बोलायचा. तिला टाकून बोलला असं वस्तीत कोणी कधी ऐकलं नाही.

ती वाढेल ते तो खायचा. भाजी खारट झाली, भाकर करपली, तरी मुकाट्यानं संपवायचा. कसं झालं म्हणून विचारलं तर बरं हाय म्हणायचा. कधी कधी ती मुद्दाम मीठ जास्त घालायची. एकदा तरी यानं ताट सरकवावं, नको म्हणावं, म्हणून ती समोर बसून त्याच्या तोंडाकडे पाहत राहायची. तो शेवटचा घास खाऊन हात धुवायचा.