तेरा नंबरची गोटी

माझ्या धाकट्या भावाचा उजवा हात मी लोखंडी दांड्यानं मोडला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, वेगळंच काहीतरी सांगत फिरलो.

आमचं दुकान मानपाड्याला. ठाण्याच्या खाडीकाठी एक यार्ड आहे, तिथे पैसेवाल्यांच्या यॉट दुरुस्तीला येतात. त्यांच्या इंजिनांची कामं आम्ही दोघं करायचो. त्या वर्षी खंडेनवमीला हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडलेली. दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा वडिलांपासूनचा नेम. दुपारी यार्डातून तांडेलाचा फोन आला. यॉट तोच चालवायचा. मालक उद्या बोट बाहेर काढणार होता आणि इंजिनच्या पंपातून पाणी गळत होतं.

इंजिन जुनं, इंची नटांचं. नटावर टोपीसारखा बसतो त्या सॉकेटला आम्ही गोटी म्हणतो. तर इंची गोट्यांचा अख्खा सेट पाटावर, झेंडूखाली. मी पूजेबाहेर राहिलेला जुना डबा उचलला. त्यात अर्ध्या इंचाची गोटी नव्हती, तेरा मिलीमीटरची होती. फरक केसाएवढा. धड नटावर ती चालूनही जाते. खाऱ्या हवेनं खाल्लेल्या नटाचे मात्र कोपरे सोलून काढते. हे मला माहीत होतं.

भाऊ इंजिनच्या खड्ड्यात उतरला, पोटावर आडवा. मी वर ओणवा. गोटी हातात घेताच तो म्हणाला की ही मिलीमीटरची आहे, हिनं नट जाईल. मी म्हटलं, मुकाट लाव. त्यानं लावली. जोर दिला तशी ती सटकली आणि त्याची मूठ इंजिनवर आपटली. बोटांवरची सालं निघाली. नट गोल झालेला. वर डेकवर बसलेल्या तांडेलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं भाऊ म्हणाला,

"दादा, गोटी देवाला बसवलीस ना? मग नट खोलायला पण देवालाच बोलव."

तांडेल खो खो हसला. घट्ट नटासाठी आणलेला लांब लोखंडी दांडा माझ्या हातात होता. भावाचा रक्ताळलेला पंजा इंजिनच्या कडेवर टेकलेला. मी नेम धरून मारलं. हात घसरला नाही, तोल गेला नाही. नेम धरून मारलं. ओला बांबू मोडावा तसा आवाज आला. मी दुसऱ्यांदा दांडा उचलला तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हात ओढून घ्यायचाही विसरला. तो दुसरा घाव पडला असता. तांडेल शिडीवरून खाली यायला लागला म्हणून पडला नाही.

तांडेलाला मी म्हणालो, पाना सुटला.

रिक्षात भाऊ टॉवेलात हात गुंडाळून बसलेला. हॉस्पिटल येईपर्यंत एकदाच बोलला. "आईला पण हेच सांग. नाहीतर ती जेवायची नाही." मी आईला तेच सांगितलं. पण नंतर यार्डात कुणी विचारलं की मी पुढचंही जोडायचो: मी नको म्हणत होतो, त्यानंच अर्ध्या इंचाला तेरा नंबर लावला. दोन बोटं कायमची ताठ झाली, तरी डाव्या हातानं तो काम करू शकला असता. पण चुकीचा पाना लावणारा माणूस बोटीवर कोण घेणार? तो एका कारखान्यात स्टोअरला लागला. तिथे खिडकीतून दुसऱ्यांना पाने काढून देतो.

आई गेल्यानंतरच्या वर्षी त्याच तांडेलानं मला बोलावलं. नवी यॉट लांब गोव्याकडे जाणार होती, तिच्यावर कायम ठेवायचा हत्यारांचा डबा भरून द्यायचा होता. कुठले पाने, कुठल्या गोट्या, सगळं मीच ठरवायचं. निघताना तो सहज म्हणाला, "भावाला नको आणू रे. त्याला पान्यातलं कळत नाय."

मी तिथेच सगळं सांगितलं. गोटी मी दिली, तो नको म्हणत होता, हात मी मोडला. तांडेलानं माझी कॉलर धरली आणि मला बोटीवर चढायच्या फळीवरून खाली ढकललं. मी गुडघ्यांवर चिखलात पडलो. वरून एवढंच म्हणाला की भावाला पाठव, तू परत चढू नकोस.

संध्याकाळी मी भावाच्या घरी गेलो. निरोप दिला, यार्डात मी काय सांगत फिरलो तेही सांगितलं. मग त्यानं डाव्या हातानं माझ्या तोंडात मारली. ओठ फुटला.

"आईला सांग म्हटलेलं मी. यार्डात सांग म्हटलं नव्हतं."

डबा त्यानंच भरला. सगळ्या गोट्या सहा पैलूंच्या, नटाचे कोपरे न सोलणाऱ्या, इंची वेगळ्या, मिलीमीटरच्या वेगळ्या. त्यानं कारखाना सोडला, आता यार्डातली कामं तोच घेतो. मी दुकानात बसतो. कधी सामान पोचवायला गेटपर्यंत जातो, तेव्हा ओट्यावर चहा पीत बसलेली माणसं माझ्याकडे बघतात. एकेक जण ओट्यावर टेकलेला हात उचलून मांडीवर घेतो.